न पोहोचलेल्या किरणांची नोंद

ठाणे परिसरातल्या एका सागाच्या खोडातली वलये काही दशकांपूर्वी अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी तपासली. साग उन्हाळ्यात पाने गाळतो, पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे त्याचे दरवर्षीचे वलय वेगळे ओळखू येते. त्या खोडात १९६० च्या दशकातल्या वलयांमध्ये किरणोत्सारी कार्बन, म्हणजे कार्बन-१४, भराभर चढलेला आढळला. कारण उघड होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी खुल्या हवेत केलेल्या अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. बाँब फुटले नोवाया झेम्ल्याच्या हिमप्रदेशात आणि पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटांवर, आणि ते लिहिले गेले ठाण्याच्या सागात. झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, त्याचे लाकूड केले आणि पुढच्या वर्षी त्या लाकडावर नवे लाकूड चढवले. घातलेले वलय झाड पुन्हा बदलत नाही.

याच रीतीने झाडांच्या खोडांत सूर्यही लिहिला गेला आहे, आणि तो बाँबच्या कितीतरी आधीपासून. मात्र ही नोंद सरळ नाही. सूर्याकडून जे आले त्याची ती नोंद नाही. सूर्याने जे अडवले ते किती अडवले, याची ती नोंद आहे.

आकाशगंगेत दूरवर फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेले कण सतत पृथ्वीवर आदळत असतात. व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये बलूनमधून उंच जाऊन त्यांचा माग काढला; त्यांना आपण विश्वकिरण म्हणतो. हे कण वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंना फोडतात. त्या फुटीतून सुटलेला एखादा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणुकेंद्रात शिरला की त्याचा कार्बन-१४ होतो. प्रमाण फार थोडे: अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर उभ्या असलेल्या हवेच्या खांबात दर सेकंदाला सरासरी दोनेक अणू. पण पृथ्वीकडे येणाऱ्या या कणांच्या वाटेत सूर्य उभा असतो. त्याच्यापासून निघणारा वारा स्वतःबरोबर चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो आणि त्या क्षेत्रात अडकून विश्वकिरणांपैकी बरेच कण परतवले जातात. सूर्य खवळलेला असला, त्याच्यावर डाग भरपूर असले, की कण कमी पोहोचतात आणि कार्बन-१४ कमी बनतो. सूर्य शांत असला की कण जास्त येतात आणि कार्बन-१४ जास्त बनतो. सौरडागांचे चक्र चढते तेव्हा विश्वकिरण उतरतात, हे स्कॉट फोर्बुशने १९५४ मध्ये मोजमापांनिशी दाखवून दिले.

मग तीनशे किंवा तीन हजार वर्षांपूर्वीचा सूर्य कसा होता हे आपण झाडाला विचारतो, आणि झाड सांगते की त्या काळी किती कण माझ्यापर्यंत पोहोचले नाहीत. इथे सावध वाचक थबकतो. कोणी पाहिलेले नाही, कोणी मोजलेले नाही. अणूवरून विश्वकिरणांचा, विश्वकिरणांवरून चुंबकीय वाऱ्याचा आणि वाऱ्यावरून सूर्याच्या पोटातल्या घडामोडींचा अंदाज. इतक्या पायऱ्या चढून गाठलेल्या गोष्टीला ज्ञान म्हणायचे की तर्क? प्रश्न रास्त आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे असे, की या पायऱ्यांमुळेच ही विद्या भरवशाची झाली आहे. तिच्यातली प्रत्येक पायरी कधी ना कधी चूक म्हणून समोर आली होती. ती चूक नीट ओळखली गेली, मोजली गेली आणि हिशोबात धरली गेली. आपल्या चुका कुठून येतात हे ज्या पुराव्याला सांगता येते, त्यावर मी स्वच्छ दिसणाऱ्या पुराव्याहून अधिक विसंबेन.

सुरुवातच एका चुकीने झाली. विलर्ड लिबीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन-१४ वरून जुन्या वस्तूंचे वय काढण्याची रीत बसवली. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतो. मेल्यावर घेणे थांबते आणि आतला कार्बन-१४ विघटित होत जातो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे. उरला किती ते मोजा आणि मेला केव्हा ते सांगा. १९६० मध्ये लिबीला नोबेल मिळाले. या साऱ्या रीतीचा पाया एका गृहीतकावर होता: हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण पूर्वीपासून आजतागायत सारखेच राहिले आहे.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या हेसेल द व्ह्रीसने हे गृहीतक तपासायला घेतले. ज्यांची वर्षे वलये मोजून पक्की ठाऊक होती, अशा लाकडांत त्याने कार्बन-१४ मोजला. सन १५०० आणि सन १७०० च्या आसपासच्या लाकडांत तो एक-दोन टक्के जास्त निघाला. १९५८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण कार्बन-१४ मध्ये एक टक्क्याची चूक म्हणजे वयात सुमारे ऐंशी वर्षांची चूक. इतिहासकाराच्या दृष्टीने हा धक्का होता. ज्या घड्याळावर विसंबलो ते अधूनमधून पुढेमागे होते, असा त्याचा अर्थ. मग हान्स स्यूसने अमेरिकेतल्या हजारो वर्षे जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइन वृक्षांच्या वलयांतून हे घड्याळ दुरुस्त करायला घेतले. सरळ रेघेऐवजी नागमोडी रेघ मिळाली. पुरातत्त्वाला ती नागमोड म्हणजे दुरुस्तीचा तक्ता. तक्ता हाती आला की नागमोड विसरायची. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र नेमकी तीच हवी होती. एका शास्त्राने घड्याळातला दोष म्हणून जे बाजूला सारले, तेच दुसऱ्या शास्त्राचे दप्तर झाले. मला या विषयाचे सर्वांत मोठे आकर्षण इथेच वाटते.

त्या दप्तरातले सर्वांत गाजलेले पान जॅक एडी याने १९७६ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात उघडले. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ दिसतच नव्हते, हे जर्मनीतला गुस्टाव्ह स्पोरर आणि ग्रीनिचचा एडवर्ड मॉन्डर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्या काळी दुर्बिणी बेताच्या होत्या, बघणारे थोडे होते, डाग असतील पण टिपले गेले नसतील, असे म्हणून प्रश्न मिटवला गेला. एडीने जुन्या निरीक्षकांच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि शेजारी कार्बन-१४ ची नागमोड ठेवली. नेमक्या त्याच वर्षांत कार्बन-१४ वर चढला होता. दुर्बिणीमागचा माणूस आळशी असू शकतो. झाडांनी त्याच वेळी आळस केला असण्याचे कारण नाही. सूर्य खरोखरच शांत झाला होता. त्या काळाला एडीने मॉन्डरचे नाव दिले आणि त्याआधीच्या, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या तशाच शांततेला स्पोररचे.

मराठी वाचकाने ही वर्षे आपल्या इतिहासावर ठेवून पाहावीत. शिवाजीमहाराजांनी तोरणा घेतला तिथपासून औरंगजेबाचा भिंगारला अंत झाला तिथपर्यंतचा सगळा काळ या शांत सूर्याखाली गेला. याचा त्या घडामोडींशी काही संबंध होता असे मी अजिबात म्हणत नाही. असे संबंध किती सहज जोडले जातात त्याकडे पुढे येणारच आहे. पण त्या मोहिमांच्या काळात आकाशात रोज उगवणारा सूर्य आजच्यापेक्षा निराळ्या अवस्थेत होता हे आपल्याला आज ठामपणे सांगता येते, याचे मला नवल वाटते.

आता त्या पायऱ्यांकडे येऊ. पहिली समुद्राची. आकाशात कार्बन-१४ बनला की तो लगेच झाडात जात नाही. तो हवेत मिसळतो, समुद्रात विरघळतो, मातीत मुरतो, पुन्हा बाहेर येतो. कार्बनचा बहुतेक साठा खोल समुद्रात आहे आणि तिथून तो परतायला शतके लागतात. त्यामुळे आकाशातली निर्मिती अकरा वर्षांच्या सौरचक्रात वीस-तीस टक्क्यांनी खालीवर झाली तरी हवेत तिचा चढउतार हजारात काही भाग इतकाच उरतो. मोठ्या विहिरीत रोज एक कळशी कमी-जास्त ओतली तर पाण्याची पातळी कितीशी हलणार! म्हणून कित्येक दशके कार्बन-१४ मधून फक्त शतकाशतकांचे बदल वाचता येत होते, अकरा वर्षांचे चक्र हाती लागत नव्हते. पुढे मोजण्याची यंत्रे इतकी बारीक झाली की २०२१ मध्ये झुरिकच्या गटाने सन ९६९ ते १९३३ पर्यंतचा कार्बन-१४ एकेका वर्षाच्या वलयातून मोजला आणि त्यात सौरचक्रे दिसली. दुर्बिणीतून डाग पाहणाऱ्या गॅलिलिओच्या सहाशे वर्षे आधीपासूनची.

दुसरी पायरी पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकाची. विश्वकिरणांना सूर्य अडवतो तशी पृथ्वीही अडवते, आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हजारो वर्षांत बरेच बदलते. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी ते अतिशय दुबळे झाले होते. त्या काळच्या थरांत विश्वकिरणांनी घडवलेले अणू दुपटीच्या आसपास आढळतात आणि त्याचे खापर सूर्यावर फोडता येत नाही. मग सूर्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? इथे मदतीला येतात कुंभाराच्या भट्ट्या. माती भाजून थंड होताना तिच्यातले लोहाचे कण त्या क्षणीच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर आणि दिशा धरून बसतात. जगभरच्या प्राचीन विटा, मडकी, चुली यांच्यावरून क्षेत्राचा इतिहास काढला जातो आणि तो कार्बनच्या वक्रातून वजा केला जातो. या वजाबाकीत आजही सर्वांत जास्त अनिश्चितता आहे, आणि काळ जितका जुना तितकी ती वाढत जाते. वजाबाकी करून उरलेल्याला सूर्य म्हणताना हे लक्षात ठेवावेच लागते.

तिसरी पायरी आपली माणसांची. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने. त्यात कार्बन-१४ कधीच संपलेला. ते जाळले की हवेतला कार्बन-१४ पातळ होतो. हेही स्यूसनेच दाखवले, १९५५ मध्ये. त्यावर पुढे अणुचाचण्यांची भर पडली.

एवढ्या अडचणी पाहून कोणी म्हणेल, मग या साक्षीवर विसंबायचे कशाला? उत्तर असे, की साक्षीदार एकटा नाही. विश्वकिरण हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनचे तुकडे करतात तेव्हा बेरिलियम-१० देखील बनते. त्याची रीत कार्बनहून अगदी वेगळी. ते समुद्रात फिरत बसत नाही. हवेतल्या सूक्ष्म कणांना चिकटते आणि वर्ष-दोन वर्षांत पावसाबरोबर किंवा बर्फाबरोबर खाली येते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमथरांत ते वर्षावर्षाने साठत जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे, त्यामुळे दहा-वीस हजार वर्षांत त्यात फारशी घट होत नाही. दोषही वेगळे: त्या वर्षी हिमवर्षाव कमी झाला, वारे दुसऱ्या दिशेने वाहिले, तर बेरिलियमची नोंद सूर्य न हलताही हलते. पण ग्रीनलंडच्या वाऱ्याला खोल समुद्राच्या अभिसरणाशी ठरवून खोटे बोलण्याचे कारण नाही. दोघांच्या चुका वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. म्हणून दोघे जिथे एकच सांगतात तिथे ते सांगणे बहुधा सूर्याचे असते. न्यायालयात दोन साक्षीदारांची साक्ष शब्दशः जुळली तर वकिलाला संशय येतो. दोघे निरनिराळ्या ठिकाणी अडखळतात आणि तरी मूळ घटना एकच सांगतात, तेव्हा न्यायाधीश मान डोलावतो.

बेरिलियमच्या या कहाणीत मुंबईचा मोठा वाटा आहे आणि तो मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९५० च्या दशकात गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल हे विश्वकिरणांनी घडवलेल्या किरणोत्सारी अणूंचा माग घेत होते: पावसाच्या पाण्यात, खोल समुद्राच्या गाळात. १९५७ मध्ये त्यांच्या गटाने समुद्रतळाच्या गाळातल्या बेरिलियम-१० वरचा निबंध प्रसिद्ध केला. जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जेम्स अरनॉल्डही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. लाल आणि पीटर्स यांनी १९६७ मध्ये लिहिलेला प्रदीर्घ आढावा, म्हणजे पृथ्वीवर कुठल्या उंचीवर, कुठल्या अक्षांशावर कुठला अणू किती बनतो याचा हिशोब, या क्षेत्रात पुढे दशकानुदशके पायाभूत मानला गेला. त्या काळात एक नमुना मोजायला भरपूर गाळ आणि भरपूर दिवस लागत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्वरकाच्या साह्याने थेट अणू मोजण्याची रीत आली, तेव्हा किलोभर बर्फ पुरू लागला. एका ग्रॅम बर्फात बेरिलियम-१० चे अणू असतात जेमतेम काही दहा हजार.

स्वित्झर्लंडच्या युर्ग बेअर यांनी ग्रीनलंडमधल्या डाय-३ या ठिकाणच्या हिमगाभ्यात मॉन्डरचा काळ तपासला. १९९८ मध्ये निष्कर्ष आला: डाग नसलेल्या त्या वर्षांतही सूर्याचे चक्र थांबले नव्हते. बेरिलियम लयीत खालीवर होतच होते. सूर्याचे चुंबकीय हृदय धडधडत होते, फक्त डाग पृष्ठभागावर उमटण्याइतका जोर त्यात नव्हता. दुर्बिणीतून बघणाऱ्या कोणालाही हे कळणे शक्य नव्हते. अप्रत्यक्ष पुराव्याला दुय्यम मानणाऱ्यांनी या एका निष्कर्षावर थांबून विचार करावा. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला इथे कोरे बिंब दिसले, आणि बर्फाला त्यामागची हालचाल कळली.

तिसरा साक्षीदार तर पृथ्वीवरचा नाहीच. अवकाशात फिरणाऱ्या अशनींवर विश्वकिरण आदळून टायटॅनियम-४४ बनते. अर्धायुष्य साठेक वर्षे. तिथे ना समुद्र, ना पाऊस, ना पृथ्वीचे चुंबक. अशनी कुठल्या वर्षी पडला हे ठाऊक असले की पडण्याआधीच्या काही दशकांतला सूर्य त्यात सापडतो. इटलीतल्या तोरिनोच्या संशोधकांबरोबर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील नरेंद्र भंडारी यांनी हे काम केले. तपशील ढोबळ, पण साक्ष स्वच्छ.

असे सारे जमवल्यावर गेल्या सुमारे ११,००० वर्षांतला सूर्य डोळ्यासमोर येतो. या काळात त्याला सत्तावीसेक वेळा मॉन्डरसारख्या दीर्घ शांततेने गाठले. एकूण काळाचा साधारण सहावा हिस्सा त्याने असा घालवला. मध्येच तो फार खवळलेलाही असे. उपग्रहांच्या युगात आपण सूर्याचे जे जवळून निरीक्षण केले ते १९७८ पासूनचे, जेमतेम साडेचार चक्रांचे. आदित्य-एल१ यान आणि त्यावरची पुण्याच्या आयुका संस्थेने साकारलेली दुर्बीण आज जी दृश्ये पाठवतात ती अनमोलच आहेत. पण सूर्याला मुळात काय काय करता येते, हे एवढ्या छोट्या खिडकीतून कळणार नाही.

मतभेदही सांगायला हवेत. २००४ मध्ये सामी सोलांकी, इल्या उसोस्किन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले, की विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा सूर्य गेल्या ८,००० वर्षांत नव्हता इतका सक्रिय आहे. पुढच्याच वर्षी राइमुंड म्युशेलर आणि इतरांनी त्याच प्रकारच्या पुराव्यावरून आक्षेप घेतला: सक्रिय आहे खरा, पण अपूर्व म्हणावा इतका नाही. वाद कशावर होता? अणूंच्या जुन्या नोंदी आजच्या थेट मोजमापांना कुठे आणि कशा जोडायच्या यावर. नेमक्या जोडाच्या जागी कोळशाचा आणि बाँबचा धूर आहे. मला म्युशेलर यांची सावधगिरी पटते; सांधा जिथे कच्चा आहे तिथे 'अपूर्व' हा शब्द जपून वापरावा.

याच साक्षीदारांनी सूर्याचा एक वेगळाच चेहराही दाखवला. २०१२ मध्ये नागोया विद्यापीठातील फुसा मियाके यांनी याकुशिमा बेटावरच्या जुन्या देवदार वृक्षाच्या वलयांत सन ७७४ आणि ७७५ यांच्या दरम्यान कार्बन-१४ एका वर्षात १.२ टक्क्यांनी चढल्याचे दाखवले. नेहमीच्या सौरचक्राने होणाऱ्या बदलाच्या ही सुमारे वीसपट उडी. आपल्याकडे राष्ट्रकूट कृष्णराजाची, वेरूळच्या कैलास लेण्याची ती वर्षे. कोणी म्हणाले जवळचा तारा फुटला असेल, कोणी म्हणाले गॅमा किरणांचा स्फोट. निकाल लावला तो पुन्हा साक्षीदारांच्या वेगवेगळ्या स्वभावांनी. हिमथरांत त्याच सुमारास बेरिलियम-१० आणि क्लोरीन-३६ दोन्ही चढलेले आढळले. क्लोरीन-३६ बनायला तुलनेने कमी ऊर्जेचे कण पुरतात. तिघांच्या वाढीचे परस्परप्रमाण पाहिले तर कण ज्या ऊर्जांचे होते त्या सूर्याच्या स्फोटातल्या कणांशी जुळतात. म्हणजे आपल्या सूर्यानेच कधीतरी असे वादळ सोडले होते, की थेट मोजल्या गेलेल्यांपैकी फेब्रुवारी १९५६ चे सर्वांत मोठे कणवादळ त्यापुढे कित्येक दहापटींनी लहान ठरते. अशीच उडी सन ९९३ मध्ये आहे. तिच्या आधारे २०२१ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या लान्स ओ मेडोज इथल्या व्हायकिंग वस्तीतल्या लाकडाचे वर्ष ठरले: उडीच्या वलयापासून सालीपर्यंत २८ वलये, म्हणून झाड तोडले ते १०२१ मध्ये. ज्या घड्याळातला दोष द व्ह्रीसने दाखवला, त्याच दोषाने आता घड्याळ एका वर्षाइतके अचूक केले.

याला एक उलट बाजू मुंबईतच आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्यांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर लखलखाट दिसला होता. इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध सौरवादळ ते हेच, आणि त्याच्या जोराचे हे अमोल मोजमाप कुलाब्याच्या वह्यांत राहिले. पण झाडांच्या वलयांत १८५९ ठळक दिसत नाही. बर्फातल्या नायट्रेटमध्ये तो दिसतो असा दावा काही काळ झाला; अधिक हिमगाभे तपासल्यावर तो टिकला नाही. चुंबकसुई हलवणारे वादळ आणि अणू फोडणारे वादळ एकच असेल असे नाही. कुठला साक्षीदार काय पाहू शकतो हे न विचारता त्याच्याकडून सगळे वदवून घ्यायला गेलो तर फसगत होते.

आणि अशी फसगत आपल्या भूमीवर फार महागात पडली आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर, पुणे, नगरपासून मद्रासपर्यंत माणसे मरत होती. १८७७ मध्ये 'नेचर'चा संपादक नॉर्मन लॉकयर आणि हिंदुस्थान सरकारचा संख्याशास्त्री विल्यम हंटर यांनी मिळून सौरडाग आणि दुष्काळ यांवर लेख लिहिला. डाग कमी म्हणजे पाऊस कमी, पाऊस कमी म्हणजे दुष्काळ, अशी ती मांडणी. त्या वर्षांत सौरडाग खरोखर कमी होते, त्यामुळे जुळणी पटण्यासारखी दिसली. आज आपल्याला माहीत आहे की १८७७-७८ मध्ये पॅसिफिकात अत्यंत प्रबळ एल निनो होता. पण माझा राग चुकीच्या कारणावर नाही. विज्ञान चुकत चुकतच पुढे जाते आणि पुढे कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहण्यामागेही हीच उत्सुकता होती. राग येतो तो त्या कारणाने काय झाकले जात होते ते आठवून. सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याने ठरवलेल्या दराने खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर आणाभर मिळे, आणि त्याच वेळी बंदरांतून धान्य परदेशी जात होते. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावचे हाल लिहून सरकारला कळवत होती. तिच्या कागदांत मजुरी होती, धान्याचे भाव होते, सरकारची जबाबदारी होती. सूर्यावर दोष टाकला की त्या कागदांना उत्तर देण्याची गरज उरत नाही.

आजही मॉन्डर काळाचे नाव घेऊन कुठलाही जुना दुष्काळ सूर्याला जोडणारे भेटतात. त्यांनी १६३० पाहावा. तुकोबांच्या घरावर कोसळलेला तो दुष्काळ मॉन्डर काळाच्या पंधरा वर्षे आधीचा. त्याच वर्षी ख्रिस्टोफ शायनर याचा सौरडागांच्या चित्रांनी भरलेला 'रोझा उर्सिना' हा ग्रंथ छापून पूर्ण झाला होता. सूर्यावर डाग होते आणि दख्खनमध्ये पाऊस नव्हता. सूर्य आणि मोसमी पाऊस यांच्यात नातेच नाही असा याचा अर्थ नव्हे. ओमानमधल्या गुहेतल्या चुनखडी स्तंभांत सहा ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचे चढउतार कार्बन-१४ च्या चढउतारांशी जुळलेले आढळले आहेत. पण शतकांच्या सरासरीत दिसणारे मंद नाते एका गावच्या एका कोरड्या वर्षाचे कारण म्हणून वापरता येत नाही.

सध्याच्या तापमानवाढीच्या बाबतीत तर हे अणू स्वतःच उत्तर देतात. सूर्याची एकूण ऊर्जा एका चक्रात सुमारे ०.१ टक्क्यानेच हलते. १९८० च्या दशकानंतर सूर्य थोडा मंदावत गेला. २००८ ते २०१९ चे चक्र शंभरेक वर्षांतले सर्वांत दुबळे होते. तापमान मात्र चढत राहिले. सूर्याने तापवले असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होत आहेत. २००४ च्या ज्या निबंधाने सूर्याला अपूर्व सक्रिय ठरवले, त्याच्याच लेखकांनी तिथेच लिहून ठेवले, की अलीकडच्या तीन दशकांच्या तापमानवाढीचे मुख्य कारण सूर्य असणे संभवत नाही. त्यांचा वक्र उचलून पुढचे वाक्य गाळणारे लोक मला अप्रामाणिक वाटतात. उद्या मॉन्डरसारखी शांतता पुन्हा आली, तरी या शतकाअखेर तिने होणारी घट ०.३ अंशांहून अधिक नसेल, असे हिशोब सांगतात.

पुन्हा त्या सागाकडे येतो. दुर्बिणीच्या चारशे वर्षांतले सर्वांत जोरदार सौरचक्र १९५७-५८ मध्ये शिखरावर होते. जगभरच्या वेधशाळा आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळत होत्या, मुंबईत पीटर्स आणि लाल गाळातले बेरिलियम शोधत होते. त्या वर्षांतला सूर्य झाडांना विचारता येत नाही. वलये आहेत, पण त्यांत बाँबचा कार्बन इतका भरला आहे की सूर्याची कुजबुज ऐकू येत नाही. बर्फातला क्लोरीन-३६ सुद्धा त्या वर्षांत बिघडला. पॅसिफिकमधल्या स्फोटांनी समुद्राच्या मिठातून तो ढिगाने तयार केला. बेरिलियम-१० तेवढे वाचले. ग्रीनलंडमध्ये पृष्ठभागाखाली खोल, १९५८ च्या बर्फात ते आहे: नेहमीपेक्षा थोडे कमी.